मॉरिशसला गेलेली अकरा जोडपी

दुकानाच्या मागच्या खोलीत रिकामी खोकी साठतात ना, तसे किस्से साठतात. एकदा बसून सगळी काढून टाकू म्हणतो. पण एक हातात घेतलं की आठवतं हे कशाचं होतं, कधी आलं होतं, आणि परत जागच्या जागी ठेवून देतो! आमच्या ग्रुपचं मॉरिशसचं तसंच झालंय. चार जण जमले, चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "ते रामभाऊंचं सांग रे."

मी प्रकाश. पंचवटीत माझं खतं-औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे द्राक्षबागेची, माणसांची नाही. कोरोनाच्या आदल्या वर्षी एका कंपनीनं टार्गेट पूर्ण केलं म्हणून जिल्ह्यातल्या अकरा डीलरांना जोडीनं मॉरिशसला नेलं. चार दिवस, समुद्रकाठचं रिसॉर्ट, सगळं फुकट. आमच्यातल्या बहुतेकांच्या पासपोर्टवरचा तो पहिला शिक्का. काहींच्या पासपोर्टवर अजून तेवढा एकच आहे.

त्या बावीस जणांत सगळ्यात मोठे निफाडचे रामभाऊ. साठी ओलांडलेली, स्वतःची बाग, स्वतःचं दुकान आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर स्वतःचं मत! त्यांच्या पत्नी सिंधूताई. सटाण्याचे बाळासाहेब आणि त्यांची मंडळी. मी आणि माझी बायको मंदा. आणि आम्हाला सांभाळायला कंपनीचा सेल्स ऑफिसर देशपांडे, वय अठ्ठावीस, पुण्याचा. हा बिचारा बावीस पासपोर्ट पोटाशी धरून विमानतळभर फिरत होता.

रामभाऊ जाऊन आता दोन वर्षं झाली. तेव्हापासून हे किस्से जरा जास्तच निघतात.

*

विमानात देशपांडेनं सगळ्यांना पढवून ठेवलं होतं. "ऑफिसरनं पर्पज विचारलं तर 'हॉलिडे' म्हणायचं. ऑक्युपेशन विचारलं तर 'बिझनेस'. बाकी एक शब्द बोलायचा नाही, प्लीज!"

काउंटरवर रामभाऊ माझ्या पुढे होते. ऑफिसरनं विचारलं, "ऑक्युपेशन?"

आता नुसतं 'बिझनेस' म्हणणं रामभाऊंना कमीपणाचं वाटलं असावं. ते छाती काढून म्हणाले, "मेडिसीन!"

"डॉक्टर?"

"नो, नो. शॉप."

"मेडिसीन फॉर पीपल?"

"नो. फॉर ग्रेप."

ऑफिसरचं पेन थांबलं. त्यानं चष्म्यावरून बघितलं. "ग्रेप इज सिक?"

रामभाऊंनी असा काही सुस्कारा टाकला, की त्यात करपा, भुरी, अवकाळी, गारपीट सगळं आलं. "एव्हरी इयर, सर!"

ऑफिसरनं मान डोलावून शिक्का मारला. रामभाऊ हलेनात. काउंटरवर वाकून त्यांनी विचारलं, "यू हॅव ग्रेप?"

"नो सर. शुगरकेन."

"गुड! शुगरकेन व्हेरी स्ट्राँग. नो टेन्शन." असं म्हणून त्याला धीर देऊन ते पुढे गेले.

बाहेर बस लागली होती. बस विमानतळ सोडून निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस! जिथवर नजर जाईल तिथवर ऊस. सिंधूताई खिडकीला नाक लावून बराच वेळ बघत होत्या. मग हळूच रामभाऊंना म्हणाल्या, "अहो, एवढं उडवून परत निफाडातच उतरवलं का काय यांनी?"

*

रिसॉर्ट एवढं मोठं, की दारातून त्याचं दुसरं टोक दिसेना. बस थांबली ती एका भल्यामोठ्या छपरापाशी. भिंती नाहीत, नुसते काळ्या दगडाचे खांब. पुढे दगडी पायऱ्या. मधोमध चौकोनी कुंड, त्यात कमळं. कुठूनतरी घंटेसारखं मंद संगीत येत होतं. आणि पायऱ्यांच्या वर सुती कपड्यातल्या दोन मुली फुलांच्या माळा घेऊन उभ्या!

सगळ्यात पुढे बाळासाहेब होते. त्यांनी एकदा खांब बघितले, एकदा कुंड बघितलं आणि पायरीपाशी चपला काढल्या. त्यांच्या मागे त्यांच्या मिसेसनी काढल्या. पुढच्यानं काढल्या म्हटल्यावर मागच्यांनी कशाला विचारायचं? आम्ही बावीसही जणांनी चपला-बूट काढून त्र्यंबकेश्वरला लावतो तशी नीट रांग लावली. सिंधूताईंनी डोक्यावर पदर घेतला. माळा गळ्यात पडल्या. थंड सरबत मिळालं, ते काहींनी उजव्या तळहातावर ओतून तीर्थासारखं घेतलं.

देशपांडे मागे बॅगा मोजत होता. तो आला तेव्हा आम्ही सगळे अनवाणी, हात जोडून उभे आणि बाळासाहेब इकडेतिकडे शोधत मला अहिराणीत विचारतायत, "देव कोठे शे?"

"अहो हे रिसेप्शन आहे!" देशपांडेचा चेहरा लालभडक.

तेवढ्यात आतून मॅनेजर आला. उंच, सूटबूट, केस चापून बसवलेले. त्यानं आमचे पाय बघितले. पायरीखालची चपलांची ती रांग बघितली. खाली वाकला, लेस सोडल्या, स्वतःचे चकचकीत काळे बूट काढून आमच्या रांगेच्या शेवटी ठेवले, आणि मोज्यांवर चालत येऊन म्हणाला, "वेलकम!"

पुढचे चार दिवस तो माणूस दिसला की बाळासाहेब लांबूनच नमस्कार करायचे. म्हणायचे, "देव नसला तरी पुजारी चांगला शे."

*

खोल्या म्हणजे सुटे सुटे बंगले, सगळे एकसारखे, गवती छपराचे. हॉटेलनं प्रत्येकाच्या हातात एक नकाशा दिला. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळेना. रामभाऊंनी मात्र तो उलगडला आणि सातबारा वाचावा तसा वाचायला घेतला. "हे बघा. आपला नंबर चारशे बारा. पूर्वेला समुद्र, पश्चिमेला पोहायचा टँक, उत्तरेला वहिवाटीचा रस्ता. सोपं हाय! गाडी कशाला पाहिजे?" बॅटरीच्या गाड्या उभ्या होत्या, त्यांना नाही म्हणून ते सिंधूताईंना घेऊन पायी निघाले.

तासाभरानं माझ्या खोलीतला फोन वाजला. रामभाऊ होते. आवाज एकदम दबका.

"प्रकाश, जरा येतो का? लय पंचाईत झालीय."

"काय झालं?"

"आमच्या रूमवर पाव्हणे आलेत."

"कोण पाहुणे?"

"गोरे हायेत. म्हातारा-म्हातारी. आम्ही आलो तर दार उघडंच होतं, मागनं हे आले. माणसं चांगली हायेत, पण जाईनात! सिंधूनं चिवडा दिला, लाडू दिला. आता चहा कुठून आणावा? आणि त्यांना जा म्हणून सांगावं तरी कसं?"

मी देशपांडेला घेऊन पळत गेलो. चारशे बारामध्ये कुणीच नव्हतं! शोधत शोधत चारशे एकवीसला पोचलो. आत पलंगाच्या कडेला रामभाऊ आणि सिंधूताई अवघडून बसलेले. समोर खुर्च्यांवर दोन जर्मन म्हातारे, तेही अवघडलेले, हातात चिवड्याच्या बशा. देशपांडेला बघून त्या म्हातारीला इतकं हायसं वाटलं! ती त्याला बाजूला घेऊन इंग्रजीत म्हणाली, "प्लीज, तुम्ही हॉटेलचे आहात का? या दोघांना काहीतरी मदत हवीय बहुतेक. फार प्रेमळ आहेत, पण ते इथून जातच नाहीत!"

चूक लक्षात आल्यावर रामभाऊ उठले, खाकरले आणि जाता जाता त्या म्हाताऱ्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "नो प्रॉब्लेम. नाऊ यू कम माय हाऊस."

आणि ते संध्याकाळी आले की खरंच! चिवडा संपवून गेले.

*

दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. हॉल एवढा, की एका टोकाचं माणूस दुसऱ्या टोकाला ओळखू येत नव्हतं. फळांचंच एक लांबलचक टेबल होतं आणि त्यावर मधोमध द्राक्षं. हिरवी, लांबट, टपोरी.

आता रामभाऊंच्या शर्टाच्या खिशात कायम एक छोटी नळी असायची. द्राक्षाची गोडी मोजायची. काचेवर रसाचा थेंब टाकायचा, दुर्बिणीसारखी डोळ्याला लावायची, आत आकडा दिसतो. बागेत फिरणारा माणूस चष्मा विसरेल पण ही नळी विसरणार नाही. मॉरिशसलाही ती खिशात होतीच!

त्यांनी एक मणी तोडला, काचेवर पिळला आणि उजेडाकडे तोंड करून नळी डोळ्याला लावली. मग दुसऱ्या घडाचा एक. मग तिसऱ्याचा. मागे पंचवीस-तीस लोक ताटं घेऊन खोळंबलेले.

एक वेटर आत पळाला. उंच टोपी घातलेला मुख्य आचारी बाहेर आला. मागे त्याचे तीन मदतनीस. आचाऱ्याला घाम फुटलेला. रामभाऊंच्या समोर हात बांधून उभा राहून तो म्हणाला, "सर... इज एव्हरीथिंग ओके?"

रामभाऊंनी डोळ्यावरची नळी काढली. एखाद्या पोराच्या बापाला निकाल सांगावा तशा आवाजात म्हणाले, "सोळा. ओन्ली सिक्स्टीन." मग माझ्याकडे वळून, "याला विचार, एवढी काय घाई होती? आठ दिवस थांबले असते तर अठराच्या वर गेली असती!"

मी भाषांतर करायच्या आत टेबलावरची सगळी द्राक्षं गायब झाली. तिसऱ्या दिवशी दुसरीच द्राक्षं आली. आचारी स्वतः एक घड बशीत घेऊन आमच्या टेबलापाशी येऊन थांबला. हॉलमधले सगळे बघतायत. रामभाऊंनी सावकाश थेंब टाकला, नळी लावली, एक डोळा मिटला...

"एटीन!"

आचाऱ्यानं रामभाऊंना मिठी मारली!

*

देशपांडेनं बुकिंगच्या फॉर्ममध्ये 'अकरा जोडपी' लिहिलं होतं. हॉटेलनं त्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. अकराही पलंगांवर जास्वंदीच्या पाकळ्यांचा बदाम, आणि मध्ये टॉवेलच्या घड्या घालून केलेला पांढराशुभ्र राजहंस!

आमच्या लग्नाला तेव्हा चोवीस वर्षं झाली होती. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी दुकान उघडलं होतं मी, सीझन होता. मंदा बराच वेळ दारातच उभी राहून त्या पलंगाकडे बघत होती. मग म्हणाली, "कुणाची तरी खोली चुकून दिलीय आपल्याला." मी म्हटलं, "नाही, आपलीच आहे." तर म्हणाली, "मग एवढी वर्षं कुठे होती?" आणि हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले तिनं. मी बॅगा उचलून आत ठेवल्या.

पण किस्सा आमचा नाही, सिंधूताईंचा. त्यांनी पाकळ्या गोळा करून वाटीत ठेवल्या आणि हंस उचलून खिडकीत ठेवला. अंघोळीनंतर दोघं आपापले घरून आणलेले पंचे वापरायचे. मंदानं विचारलं तर म्हणाल्या, "मोडवत नाही गं. कुणीतरी एवढं मन लावून केलंय."

खोली आवरायला जी बाई यायची, तिनं दुसऱ्या दिवशी तो हंस तसाच खिडकीत बघितला. तिनं त्याच्या शेजारी दुसरा करून ठेवला. तिसऱ्या दिवशी तिसरा. निघायच्या दिवशी बघतो तर खिडकीत मोठे चार हंस ओळीनं, आणि त्यांच्या मागे हातरुमालांची सहा पिल्लं!

*

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र हसायचं नव्हतं.

देशपांडे तीन दिवसांत पहिल्यांदाच मोकळा झाला होता. रबराच्या मोठ्या टायरवर आडवा पडला, डोळ्यांवर टोपी घेतली आणि कमरेएवढ्या पाण्यात तरंगत झोपी गेला. वारा जमिनीकडून होता. आम्ही काठावर गप्पा मारतोय आणि टायर हळूहळू लांब चाललंय, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. सिंधूताईंनाच दिसलं. "अहो, तो साहेब बघा कुठे गेला!"

लांब, जिथे लाटा पांढऱ्या फुटत होत्या तिथवर तो पोचला होता. आता जागा होऊन दोन्ही हात हलवत होता. पोहता येत नाही, हे त्यानंच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. शिट्टीवाला जीवरक्षक पार पलीकडच्या टोकाला. बाळासाहेब तिकडे पळाले. मी नुसता ओरडत राहिलो. मलाही पोहता येत नाही.

रामभाऊंनी शर्ट काढला आणि पायजम्यासकट आत शिरले. निफाडच्या विहिरीत शिकलेलं पोहणं ते. आवाज नाही, फेस नाही, नुसतं डोकं पुढे पुढे जाताना दिसत होतं. सिंधूताई गुडघाभर पाण्यात जाऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचा शर्ट दोन्ही हातांत घट्ट धरलेला. मंदा जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिली.

टायरची दोरी दातांत धरून रामभाऊ परत निघाले. निम्म्या वाटेवर जीवरक्षकाची होडी पोचली आणि दोघांना घेऊन आली. देशपांडे वाळूवर उतरला तो खालीच बसला. दोन्ही हातांनी रामभाऊंचा दंड धरून लहान मुलासारखा रडायला लागला. "काका... काका..." तोवर 'रामभाऊ सर' होते ते!

रामभाऊंना दम लागला होता. त्यांनी पायजमा पिळला, दोन-चार श्वास घेतले आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, पुढच्या वर्षीचं टार्गेट जरा कमी करा आता!"

देशपांडे कधीच ती कंपनी सोडून गेला. हैदराबादला असतो. रामभाऊ गेले तेव्हा दहाव्याला सकाळी गोदावरीच्या काठावर एक माणूस मागे एकटाच उभा होता. मी आधी ओळखलंच नाही. पोट सुटलेलं, केस पिकायला लागलेले. मला म्हणाला, "प्रकाशभाऊ, काकांनी ते टार्गेट खरंच कमी करून घेतलं होतं हो माझ्याकडून!" आणि परत तसाच रडला.

*

आणि शेवटचा दिवस. बसला अजून वेळ होता. सिंधूताई, मंदा आणि मी असेच बागेतून चालत होतो. एक माळी बोगनवेल छाटत होता. साठीचा, काटक, पार करपलेला रंग. छातीवर नावाची पट्टी. त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, मी अक्षरं जुळवत वाचलं, "लुचमन." म्हणजे आपला लक्ष्मणच असणार!

सिंधूताई थांबल्या. दोन मिनिटं त्याची छाटणी बघितली आणि न राहवून मराठीतच म्हणाल्या, "कोंबाचा डोळा ठेवून काप रे बाबा, इतकं खाली नको."

त्याची कात्री थांबली. तो सिंधूताईंकडे बघतच राहिला. मग मला इंग्रजीत म्हणाला, "ही कुठली भाषा?"

"मराठी."

त्यानं कात्री खाली ठेवली. हात पँटला पुसले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगायला लागला. त्याची आजी मराठी होती. तिचे आईवडील कोकणातून बोटीनं आलेले. घरात पुढे सगळे तिथली क्रियोल भाषा बोलायला लागले, आजी एकटीच उरली त्या भाषेची. ती गेली तेव्हा हा बारा वर्षांचा होता, तिच्या उशाशी बसलेला. शेवटी ती काहीतरी बोलली. दोन वेळा बोलली. खोलीतल्या कुणालाच कळलं नाही. त्यानं ते तेव्हाच पाठ करून टाकलं. रोज एकदा म्हणतो, विसरू नये म्हणून. पन्नास वर्षं होत आली. एक-दोघांना म्हणून दाखवलं होतं, त्यांना काही अर्थ लागला नाही.

"मी म्हणू का?" त्यानं विचारलं.

तो ताठ उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला. मला काही कळेना. सगळं फ्रेंचसारखं नाकातून. "अजून एकदा," मी म्हटलं. त्यानं परत म्हटलं. मंदानं माझ्याकडे बघितलं. तिलाही काही कळलं नव्हतं.

सिंधूताई त्याच्या अगदी जवळ गेल्या. कान पुढे केला. "हळू म्हण रे बाबा." मी हातानं खूण केली. त्यानं एकेक शब्द सुटा करून म्हटलं.

"दूद... उतू... जातंय... बग... गो."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला.

तो माझ्याकडे आशेनं बघत होता. मी कसंबसं सांगितलं, "मिल्क... चुलीवरचं दूध. ते उतू जातंय. बघ, असं म्हणाली ती."

"मिल्क?"

"येस."

"ओन्ली मिल्क?"

"ओन्ली मिल्क."

तो खाली बघत राहिला. मला वाटलं, उगाच सांगितलं. काहीतरी मोठं बनवून सांगायला हवं होतं. आशीर्वाद, देवाचं नाव, काहीही.

तेवढ्यात सिंधूताईंनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले. त्याच्याकडे नाही, त्याच्या डोक्यावरून मागे कुठेतरी बघत, मोठ्यानं, स्पष्ट म्हणाल्या, "उतरवलं बरं का दूध. काही सांडलं नाही. तुम्ही निवांत पडा आता, आजी."

त्यानं मला विचारलं नाही, याचा अर्थ काय. सिंधूताईंना म्हणाला, "अगेन, प्लीज."

त्या परत म्हणाल्या. तो त्यांच्या ओठांकडे बघत त्यांच्या मागोमाग म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणाला तेव्हा एकही शब्द चुकला नाही. बसचा हॉर्न वाजला, आम्ही वळून चालायला लागलो. मागे कात्री काही वाजत नव्हती. नुसता त्याचा आवाज येत होता, "उतरवलं... बरं का... दूद..."